समस्थानिक भूरसायनशास्त्राची परिषद: सत्रं यंत्रावरून पाडायची की प्रश्नावरून?

खडकवासी

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत पुण्यात समस्थानिक भूरसायनशास्त्राची तीन दिवसांची परिषद भरवायचं घाटतंय. (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू; त्यांच्या गुणोत्तरांवरून खडक, पाणी वगैरेंचं वय आणि मूळ शोधता येतं.) वैज्ञानिक कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत मी आहे. इथे भूशास्त्र, रसायन, समुद्रविज्ञान, पुरातत्त्व अशा वेगवेगळ्या वाटांवरची माणसं आहेत, त्यातली बरीचशी बाहेरच्या मोठ्या परिषदा बघून आलेली. म्हणून हा धागा काढतोय.

समितीपुढचा कच्चा आराखडा नेहमीचा आहे. पहिल्या दिवशी किरणोत्सारी समस्थानिक (ठरलेल्या वेगाने क्षय होणारे, म्हणून वय काढायला उपयोगी), म्हणजे रुबिडियम-स्ट्रॉन्शियम, समेरियम-निओडिमियम, युरेनियम-शिसं वगैरे. दुसऱ्या दिवशी स्थिर समस्थानिक: ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन, गंधक. तिसऱ्या दिवशी 'इतर', त्यात भूजल, पर्यावरण, पुरातत्त्व आणि उरलेलं सगळं.

मला हे मनापासून पटत नाही. अशाने माणसं यंत्रांप्रमाणे वाटली जातात. दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढणारा पहिल्या दिवशी बोलून परत जातो आणि त्याच काळातल्या समुद्राच्या गाळात कार्बनचं काय झालं हे शोधणारी दुसऱ्या दिवशी उतरते. दोघांचा प्रश्न एकच असतो, पण भेट होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की सत्राला मूलद्रव्याचं नाव द्यायचं नाही, प्रश्न द्यायचा. 'दख्खनचा लाव्हा किती काळात ओतला गेला?', 'हिमालयाची झीज समुद्राच्या पाण्यात कशी उमटली?', 'मान्सून कधी आणि का मागे हटला?', 'विहिरीतलं पाणी कुठल्या पावसाचं?' असे.

वेळेचा हिशोब मांडून ठेवतो. दिवसाला दीड-दीड तासाचे चार भाग धरले तर तीन दिवसांचे १८ तास. उद्घाटन-समारोपाला दीड तास, पोस्टरला तीन तास, पाऊण-पाऊण तासाची चार निमंत्रित व्याख्यानं म्हणजे आणखी तीन तास. प्रत्येक सत्राच्या शेवटी अर्धा तास खुली चर्चा हवीच असं मी धरून बसलोय. सहा सत्रं, म्हणजे तेही तीन तास. उरले साडेसात तास. १५ मिनिटांचं एक, अशी ३० भाषणं. समांतर सत्रं ठेवायची नाहीत, सगळे एकाच सभागृहात.

काय चुकतंय ते सांगा.

---

लोलक

खडकवासी, विषय चांगला काढलात, पण मी विरोधात आहे.

माझं आयुष्य मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे अणू वजनावरून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेलं. प्रश्नावर सत्रं ठेवली की मोजमापाची चर्चा बाहेर फेकली जाते. प्रत्येक जण शेवटची आलेख-पट्टी दाखवतो. आकडा कुठल्या प्रमाणाशी (मूल्य आधीच ठरलेल्या नमुन्याशी) लावून घेतला, ब्लँक (नमुन्याशिवायच प्रयोगातून येणारी भर) किती होता, हे कुणी सांगत नाही आणि १५ मिनिटांत कुणी विचारतही नाही.

एक उदाहरण देतो. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत (पोटॅशियमच्या क्षयातून साठलेल्या आर्गॉनवरून वय काढण्याच्या) फिश कॅन्यन सॅनिडिन हे खनिज प्रमाण म्हणून वापरतात. त्याचं वय १९९८ मध्ये २.८०२ कोटी वर्षं धरलं जायचं, २००८ मध्ये २.८२ कोटी झालं, २०११ मध्ये २.८२९ कोटी सुचवलं गेलं. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ एक टक्क्याचा फरक आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकावर तो सहा लाख वर्षांच्या घरात जातो. दख्खनचा मुख्य उद्रेकच दहा लाख वर्षांच्या आत आटोपला असं आज मानतात. म्हणजे प्रमाण न सांगता वय सांगितलं तर तुमच्या 'किती काळात ओतला गेला' या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

रुबिडियम-८७ चंही तेच. जुन्या संकेतानुसार अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ४,८८० कोटी वर्षं, २०१५ च्या शिफारशीनुसार ४,९६१ कोटी. जुने आणि नवे निकाल एकाच तक्त्यात मांडलेले मी कितीदा पाहिलेत.

आणि हे परिषदेतच सुटतं, हे विसरू नका. १९७६ मध्ये सिडनीच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक महासभेत भूकालमापनाच्या उपसमितीने क्षय-स्थिरांक (क्षयाचा वेग सांगणारे आकडे) कोणते वापरायचे हे ठरवलं, १९७७ मध्ये ते छापून आलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर चालल्या. त्या महासभेतली किती भाषणं आज कुणाला आठवत असतील? हा संकेत मात्र सगळ्यांना माहीत आहे. म्हणून एक अख्खं सत्र निव्वळ मोजमापाचं हवं, तेही पहिल्या दिवशी सकाळी, सगळे ताजे असताना.

---

अंबेनळी

लोलक सरांशी निम्मी सहमत.

दख्खनचं सत्र प्रश्नावरच व्हायला हवं, कारण इथला वाद दोन पद्धतींमधला आहे आणि पद्धतीवार सत्रं केली तर तो कधीच समोरासमोर येणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने दोन प्रवाहांमधल्या लाल मातीच्या थरांतून झिरकॉन या खनिजाचे दाणे वेचून युरेनियम-शिसं पद्धतीने वयं काढली. त्यांना उद्रेक चार झटक्यांत झालेला दिसला आणि त्यातला एक झटका डायनोसॉरांच्या अंताच्या अगदी थोडा आधी होता. बर्कलीच्या गटाने खुद्द लाव्ह्यातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन-आर्गॉन केलं. त्यांना उद्रेक बराचसा सलग दिसला आणि सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा त्या अंतानंतर आलेला दिसला.

खडक तेच, घाट तेच. मग फरक कुठून येतो? झिरकॉन बहुतेक बाहेरून पडलेल्या राखेतला. तो लाव्हा येण्याआधी किती काळ मातीत पडून होता, स्फटिक म्हणून आधी किती काळ मॅग्मात (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात) होता, हे प्रश्न आहेत. प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम इतकं कमी की त्रुटीच्या मर्यादा रुंद होतात. शिवाय क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाच्या, शेवटाची सीमा या लाव्ह्याच्या ढिगात नेमकी कुठे बसवायची यावरही एकमत नाही. या प्रत्येक मुद्द्यावर बोलू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना एका मंचावर बसवा आणि अर्धा नाही, पूर्ण तास चर्चा द्या. बाकी काही कापावं लागलं तरी चालेल.

पुण्यातच परिषद घेताय तर आणखी एक. नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा ही आपली गावं आणि घाट जगभरच्या शोधनिबंधांत लाव्ह्याच्या संचांची नावं म्हणून वापरली जातात. डोळ्यांना हे प्रवाह बरेचसे सारखे दिसतात. एक संच दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला तो रसायनावरून आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून. अंबेनळी संचात स्ट्रॉन्शियम ८७/८६ गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, बुशेमध्ये ते ०.७१३ च्याही वर जातं, कारण त्या मॅग्माने वर येताना जुनं खंडीय कवच विरघळवून घेतलं. समस्थानिकांवर नकाशा काढायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. परिषदेनंतरची सहल महाबळेश्वर ते पोलादपूर घाटातच न्या.

---

पाटीपेन्सिल

वाचतेय. खूप शिकायला मिळतंय.

---

जलधर

भूजलाला 'इतर'मध्ये टाकू नका, एवढीच पहिली विनंती.

दरवेळी पाण्याचं सत्र शेवटच्या दिवशी जेवणानंतर असतं, निम्मी माणसं गाडी पकडायला गेलेली असतात. खरं तर समस्थानिकांचा सामान्य माणसाशी थेट संबंध इथेच येतो. मराठवाड्यात बेसॉल्टच्या भेगांत साठलेलं पाणी आहे. बोअर आणखी खोल नेला की नवं पाणी लागतं, असं गावात मानतात. ते पाणी यंदाच्या पावसाचं की पन्नास वर्षांपूर्वीचं, हे ट्रिशियम (पाण्यातला किरणोत्सारी हायड्रोजन) सांगू शकतं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. जुनं निघालं तर ते उपसणं म्हणजे ठेव मोडणं आहे, हे आकड्यानिशी दाखवता येतं. ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) यांवरून पाणी पाझर तलावातून मुरलं की सरळ पावसाचं, तेही कळतं, कारण उघड्यावर बाष्पीभवन झालेलं पाणी हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या, पावसाच्या पाण्यातलं या दोघांचं नातं दाखवणाऱ्या रेषेवरून बाजूला सरकतं.

माझी मागणी: पाण्याचं सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि भूजल विभागातले, पाणलोटावर काम करणारे लोक बोलवा. त्यांना पूर्ण तीन दिवसांची फी परवडणार नाही. एका दिवसाची वेगळी नोंदणी ठेवा.

---

शंखशिंपले

गोव्याहून लिहितोय. खडकवासींच्या आराखड्यात समुद्र नीट दिसत नाही.

पावसाळा संपता संपता आमच्या किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात प्राणवायू अगदी खाली जातो. तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरायला लागतात. हलकं नायट्रोजन आधी जातं, उरलेलं नायट्रेट जड होत जातं. जड नायट्रोजन-१५ मोजलं की ही क्रिया किती झाली ते कळतं. एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) कांदोळीसमोर ठरलेल्या जागी नियमित नमुने घेत आलेली आहे. हीच खूण अरबी समुद्राच्या गाळात हजारो वर्षं मागे जाते आणि मान्सून जोरात होता की मंद, हे सांगते.

म्हणजे हे सत्र 'मान्सून कधी मागे हटला' यातच बसतं, वेगळं नको. तिथे मेघालयातल्या मावम्लुह गुहेवर काम करणारे असतील. ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या मेघालयन कालखंडाचा प्रमाण-बिंदू (त्याची सुरुवात दाखवणारी, जगाने मानलेली खूण) त्या गुहेतल्याच चुनखडीच्या स्तंभात आहे. २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तो ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर ठरला. पण त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभांवरून तो कोरडा काळ वेगळा दिसतो. शिवाय पाऊस जास्त पडला म्हणून ऑक्सिजन-१८ कमी झालं, की ढगच बंगालच्या उपसागरातून आले म्हणून, हा प्रश्न सुटलेला नाही. गुहावाले, गाळवाले आणि पुण्यातच आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) आजच्या पावसाचे नमुने मोजणारे, तिघं एका सत्रात हवेत. आजचा पाऊस न समजता जुन्या पावसावर बोलण्यात अर्थ नाही.

---

दूरदेशी

युरोपात असतो. गोल्डश्मिट परिषदेला बऱ्याचदा गेलोय, एकदा सत्र चालवायलाही होतो. तिथली पद्धत सांगतो, उपयोग झाला तर बघा.

ती परिषद भूरसायनाचे जनक मानले जाणारे व्हिक्टर गोल्डश्मिट यांच्या नावाने भरते. अमेरिकेतली जिओकेमिकल सोसायटी आणि युरोपियन असोसिएशन ऑफ जिओकेमिस्ट्री मिळून ती चालवतात. २०२३ ला लिऑन, २०२४ ला शिकागो, २०२५ ला प्राग. समिती मोठे विषय तेवढे ठरवते. सत्रांचे प्रस्ताव लोकांकडून मागवले जातात, मग आलेले गोषवारे बघून लहान सत्रं एकमेकांत मिसळतात. म्हणजे सत्रांचा अंतिम आकार गोषवारे आल्यावर ठरतो. तुम्ही सहाही सत्रं आत्ताच दगडावर कोरू नका. चार ठरवा, दोन मोकळी ठेवा. लोक नक्की असं काही पाठवतील जे आपल्या डोक्यात नव्हतं.

दुसरं, सत्रप्रमुख निवडताना एक जुनाजाणता आणि एक तरुण, आणि दोघं वेगवेगळ्या संस्थांचे असा नियम करा. सत्रप्रमुखाने स्वतःच्या सत्रात भाषण घ्यायचं नाही, हेही लिहून ठेवा. नाहीतर सत्र एका प्रयोगशाळेचं स्नेहसंमेलन होतं.

तिसरं, परदेशी वक्ता बोलवायचा असेल तर आत्ताच हलायला लागा. कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्यासाठी आयोजकांकडे सरकारी मंजुरी असावी लागते. त्यात महिने जातात. तारखांपुरतं, जानेवारी योग्य आहे. अमेरिकेतली मोठी भूविज्ञान परिषद एजीयू डिसेंबरात, व्हिएन्नाची तशीच ईजीयू एप्रिलमध्ये आणि गोल्डश्मिट उन्हाळ्यात असते. मधल्या खिडकीत तुम्ही बसता.

---

गारगोटी

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

खडकवासी सर, ३० भाषणं म्हणजे आम्ही विद्यार्थी जवळजवळ सगळे पोस्टरवर. त्याची तक्रार नाही. पण पोस्टर जिथे लावले जातात आणि ज्या वेळी लावले जातात, त्याने फार फरक पडतो. मागे एका परिषदेत पोस्टर तळमजल्यावर होते आणि वेळ चहाच्या सुट्टीची. चहा पहिल्या मजल्यावर. जिच्या कामावर मी माझं काम उभं केलंय ती शास्त्रज्ञ त्याच इमारतीत होती आणि तिला माझं पोस्टर दिसलंही नाही. मी दोन वर्षं झिरकॉन वेचले होते, प्रत्येक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उचलून.

माझ्या मागण्या सांगते. पोस्टरच्या दीड तासात सभागृहात दुसरं काहीही चालू नको. चहा पोस्टरच्याच खोलीत. पोस्टर पहिल्या दिवशी सकाळी लावून तिसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या, म्हणजे माणसं येता-जाता वाचतात. पोस्टरवाल्यांना आधी सभागृहात दोन मिनिटं आणि एक स्लाइड द्या, म्हणजे कोण कुठल्या प्रश्नावर काम करतंय ते सगळ्यांना कळेल. आणि फलकाची मापं आधी कळवा, ए-झिरो उभं की आडवं.

---

अंबेनळी

गारगोटी, मनापासून अनुमोदन. दोन मिनिटांची कल्पना घ्याच. झिरकॉन वेचणाऱ्या मुलीला बोलायला मिळालं पाहिजे. वयाचा अर्धा भरवसा त्या वेचणीवर असतो.

---

मृद्भांड

पुरातत्त्वाकडून थोडं. 'इतर' मधले आम्हीही.

आमच्यासाठी हा विषय नवा नाही. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) प्रयोगशाळेने रेडिओकार्बनची, म्हणजे किरणोत्सारी कार्बनवरून, वयं काढली, त्या 'टीएफ' क्रमांकाच्या तारखांवर दख्खनच्या ताम्रपाषाण युगाची कालगणना उभी राहिली, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचीही. लोलक सरांनी सिडनी सांगितलं, तसं आमचं केंब्रिज. १९६२ च्या तिथल्या रेडिओकार्बन परिषदेत ५,७३० वर्षं हे सुधारित अर्धायुष्य मान्य झालं, पण गोंधळ नको म्हणून वयं छापताना ही पद्धत शोधणाऱ्या लिबी यांचं जुनं ५,५६८ चंच वापरत राहायचं ठरलं. आजही ती रीत चालू आहे.

आता स्ट्रॉन्शियम. खडकातलं गुणोत्तर मातीत, मातीतून गवतात, गवतातून जनावराच्या दातात येतं. हडप्पा आणि हरियाणातलं फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणांवरच्या माणसांच्या दातांवरून ती माणसं स्थानिक की बाहेरून आलेली, यावर काम झालंय. महाराष्ट्र या पद्धतीसाठी फार सोयीचा आहे. बहुतांश भाग बेसॉल्टचा, आणि पूर्वेला भंडारा-गोंदिया, दक्षिणेला सिंधुदुर्ग इथे कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (पट्टेदार रूपांतरित खडक), ज्यांत हे गुणोत्तर जास्त. दातात गुणोत्तर बरंच वर गेलेलं असेल तर ते जनावर बेसॉल्टच्या मुलखात वाढलेलं नाही. पण यासाठी आधी मातीचा, गवताचा, ओढ्याच्या पाण्याचा नकाशा लागतो, आणि तो जलधर ताईंच्या लोकांकडे अर्धा तयार असणार. ते पाण्यात स्ट्रॉन्शियम मोजतात, आम्हाला कळत नाही. म्हणून सुचवतो: पाणी आणि पुरातत्त्व एकत्र सत्र. प्रश्न: 'महाराष्ट्राचा स्ट्रॉन्शियम नकाशा कसा काढायचा?'

---

जलधर

मृद्भांड दादा, आमच्याकडे पाण्याचे नमुने ठेवलेले आहेत, स्ट्रॉन्शियम मोजलेलं थोडंच आहे. पण बाटल्या, जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोली सगळं नोंदलेलं आहे. सत्र झालं नाही तरी हे काम आपण करूया. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

खडकवासी

सगळ्यांचे प्रतिसाद समितीच्या बैठकीत वाचून दाखवले. अजून सगळं पक्कं नाही, पण आराखडा बराच हलला.

लोलक सर, तुमचं मोजमापाचं सत्र पहिल्या दिवशी पहिलं ठेवतोय. उद्घाटन अर्ध्या तासात आटोपायचं. शाल-श्रीफळ आणि मनोगतं संध्याकाळच्या जेवणाआधी. गोषवाऱ्याच्या नमुन्यात दोन सक्तीच्या ओळी घातल्या आहेत: कुठलं प्रमाण आणि त्याचं कुठलं मूल्य वापरलं, आणि क्षय-स्थिरांक कुठले. या ओळी कोऱ्या असतील तर गोषवारा परत जाईल. यावर समितीत वाद झाला, काहींना हे कडक वाटलं. मी मागे हटलो नाही.

दख्खनला पूर्ण तासाची चर्चा. त्यासाठी एक निमंत्रित व्याख्यान कापलं, उरलेली पंधरा मिनिटं एका भाषणाला. मान्सूनचं सत्र शंखशिंपले यांनी सांगितलं तसं गुहा, गाळ आणि आजचा पाऊस एकत्र. पाणी आणि पुरातत्त्व दुसऱ्या दिवशी सकाळी, एका दिवसाच्या नोंदणीसह. उरलेली दोन सत्रं गोषवारे येईपर्यंत बिननावाची. हिमालय-समुद्र हा माझा आवडता प्रश्न आहे, पण पुरेसे गोषवारे आले नाहीत तर तो जाईल.

गारगोटी, पोस्टर आणि चहा एकाच खोलीत, तीनही दिवस. दोन मिनिटांच्या भाषणांचा वेळ पोस्टरच्या तीन तासांतूनच काढतोय. फलक ए-झिरो उभा.

एक राहिलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सर्वांसाठी खुलं मराठी व्याख्यान असावं असं समितीत सर्वांनाच वाटतं. विषय सुचवा.

---

लोलक

लोणार. दुसरा विषय शोधूच नका.

बुलढाण्यातलं ते १.८ किलोमीटरचं विवर प्रत्येकाने पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. आघातात वितळून झालेल्या काचेवर उष्मादीप्ती पद्धतीने (तापवल्यावर बाहेर पडणारा उजेड मोजून) त्याचं वय ५२ हजार वर्षं निघालं होतं. २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉनने ५ लाख ७० हजार आलं, त्रुटी ४७ हजार. दहापटीहून जास्त फरक! दोन पद्धती नेमकं काय मोजतात, आघातानंतर कुठलं घड्याळ कशाने पुन्हा शून्यावर येऊ शकतं, हे शाळेतल्या मुलालाही समजेल असं सांगता येतं. आणि गोषवाऱ्याच्या दोन ओळींबद्दल आभार.

---

दूरदेशी

लोणारला अनुमोदन. व्याख्यानाचं चित्रीकरण करून ठेवा, इकडच्या आमच्या मुलांना दाखवता येईल.

---

गारगोटी

धन्यवाद सर. गोषवारा भरायची शेवटची तारीख विद्यापीठाच्या परीक्षांच्या आठवड्यात येऊ देऊ नका, एवढंच. आमच्यातले बरेच जण पर्यवेक्षणाला असतात.

---

अंबेनळी

सहलीचं मी बघते. जानेवारीपर्यंत घाटातलं गवत वाळून बसलेलं असतं, खडक उघडे दिसतात. पुण्याहून पहाटे निघायचं, महाबळेश्वरला नाश्ता, मग पोलादपूरकडे उतरत वरून खाली थर बघायचे. लाल मातीचे थर रस्त्याच्या कडेला जिथे नीट दिसतात त्या जागा मला माहीत आहेत, पण वळणांवर बस थांबवता येत नाही. दोन लहान गाड्या करा, मोठी बस नको. हातोडे प्रत्येकी नकोत, दोन पुरेत. सगळ्यांनी ठोकायला घेतलं तर त्या थरांत पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना काही उरणार नाही. नावं याच धाग्यावर द्या, मी यादी करते.

---

मृद्भांड

माझं लिहा.

---

पाटीपेन्सिल

मी शाळेत विज्ञान शिकवते, संशोधक नाही. सहलीला जागा उरली तर माझंही लिहाल का? लोणारच्या व्याख्यानाला नववीच्या मुलांना आणणारच आहे.

---

अंबेनळी

ताई, तुमचं नाव लिहिलं. मुलांच्या संख्येचं खडकवासींना कळवा, पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवायला सांगते.